शर्यत आणि शर्त



मराठी शिकताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. परके वाटणारे पुस्तक उघडले, की त्यात ओळखीची माणसे भेटावीत तसे ओळखीचे शब्द भेटतात. हजर, गैरहजर, कागद, शाई, किंमत, जखम हे शब्द मराठीतही आहेत आणि आपल्या घरातही. ‘शर्यत’ हा शब्दही असाच आपल्या नात्यातला आहे. अरबीतील ‘शर्त’ फारसीच्या वाटेने मराठीत आली आणि तिची ‘शर्यत’ झाली. उर्दूत ‘शर्त’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक अट आणि दुसरा पैज. मराठीने पैजेचा अर्थ ‘शर्यत’ या शब्दात ठेवला आणि अटीचा अर्थ ‘अटी व शर्ती’ या जोडशब्दात जपला.

याचा अर्थ असा, की शर्यत या शब्दाच्या पोटातच अट बसलेली आहे. अट नसेल तर नुसते धावणे उरते. आज आपण महाराष्ट्रातील बैलगाडीच्या शर्यतींची हकीकत वाचणार आहोत. ही हकीकत जितकी वेगाची आहे, तितकीच अटींची आहे.

प्रथम माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतो.

मी पाचवीत होतो. सुटीत चाकूरजवळच्या एका खेड्यात मामूंकडे गेलो होतो. मामूंकडे देवणी बैलांची जोडी होती. देवणी ही आपल्या लातूर जिल्ह्यातील जात. देवणी या गावावरूनच तिला ते नाव मिळाले. मामूंचा एक बैल ‘वानेरा’ होता, म्हणजे अंगाने पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळा. त्याचे नाव सरज्या. तो इतका शांत होता, की त्याच्या पोटाखालून मी पलीकडे जात असे.

एके दिवशी आम्ही आठवडी बाजार करून चाकूरहून गाडीने परत निघालो. मागून शेजारच्या गावातील एक गाडी आली. गाडीवान हसत म्हणाला, “काय मामू, बैल पळतात का नुसतेच चालतात?” मामूंनी काही उत्तर दिले नाही. मला मात्र राहवले नाही. मी म्हणालो, “मामू, पळवा ना!” मामूंनी कासरा सैल सोडला आणि दोन्ही गाड्या धावू लागल्या. धूळ उडाली. बाजारातली वांगी गाडीभर घरंगळू लागली. पलीकडची गाडी पुढे सरकताना दिसली तेव्हा मी मामूंच्या मागे पडलेली पराणी उचलली आणि तिची आर सरज्याच्या पुठ्ठ्यात टोचली. एकदा नव्हे, तीन-चार वेळा. सरज्या उसळला. आमची गाडी पुढे गेली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

घरी आल्यावर मामूंनी जू उतरवले आणि ते थांबले. सरज्याच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावरून रक्ताचा ओघळ खुरापर्यंत आला होता. मामूंनी माझ्याकडे पाहिले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “पैज लावायची हौस तुला होती. त्याला विचारलं होतंस का?”

मग त्यांनी माझ्या हातात हळद आणि तेलाची वाटी दिली. पुढचे आठ दिवस जखम धुणे, हळद लावणे आणि माश्या हाकणे हे काम माझ्याकडे होते. पहिले तीन दिवस मी जवळ गेलो, की सरज्या अंग आक्रसून घेई. त्याच्या पोटाखालून जाण्याची मला पुन्हा हिंमत झाली नाही.

मामूंचा तो प्रश्न पुढे फार मोठ्या ठिकाणी विचारला गेला. त्याची हकीकत अशी.

बैलगाडीच्या शर्यती महाराष्ट्रात फार जुन्या आहेत. पूर्वी शेती बैलांवर होती. नांगरणी, मोट, मळणी, बाजार, लग्नाचे वऱ्हाड, साऱ्या कामांना बैल लागत. ज्याचे बैल चांगले, तो शेतकरी मोठा. सुगी संपली, जत्रा-यात्रा सुरू झाल्या, की आपले बैल चारचौघांत दाखवण्याची हौस उसळून येई. आमच्या बाजारच्या वाटेवर जे घडले, तेच जत्रेच्या माळावर मोठ्या प्रमाणात घडत असे.

प्रत्येक भागाची रीत वेगळी आहे. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांत ग्रामदैवताच्या यात्रेत ‘गाडे’ पळतात. ज्या धावपट्टीवर ते पळतात तिला ‘घाट’ म्हणतात. तेथे एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडीवरचा स्वार असतो आणि किती सेकंदांत अंतर कापले ते घड्याळ पाहून ठरते. गाडा सुटला, की ध्वनिक्षेपकावरून ‘भिर्रर्र’ असा पुकारा होतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत अनेक गाड्या एकदमच सोडतात आणि जी पुढे येईल ती जिंकते. कोकणात अलिबागच्या बाजूला समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवरही शर्यती झाल्या आहेत. विदर्भात आणि मराठवाड्यात या शर्यतीला ‘शंकरपट’ म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट प्रसिद्ध आहे. तेथे स्त्रियांनीही बैलजोड्या हाकल्या आहेत.

हळूहळू गाडीही बदलली. सुरुवातीला शेतातली गाडीच माळावर येत असे. पुढे शर्यतीसाठी खास हलका छकडा तयार होऊ लागला. त्यात बसायला धड जागा नसते. बैलही बदलले. आपले देवणी आणि कंधारकडचे लाल कंधारी हे ओढकामाचे दमदार बैल. शर्यतीत मात्र सोलापूर, सांगली, सातारा भागांतील उंच, सडपातळ, चपळ खिलारला मान मिळाला. शेतात ट्रॅक्टर आला आणि दावणीचे बैल कमी झाले, तरी शर्यतीच्या बैलाची किंमत वाढतच गेली. चांगला पळणारा खिलार लाखांच्या किमतीला विकला जाऊ लागला.

किंमत वाढली तशी ईर्ष्या वाढली आणि ईर्ष्येबरोबर क्रूरता आली. काही ठिकाणी बैलांना चाबकाने मारत. काही ठिकाणी आर टोचत, शेपटी पिरगाळत, चावतही. कोणी विजेचा झटका देई, कोणी नशा आणणारे पदार्थ पाजी. सगळेच बैलमालक असे नव्हते. बैलाला पोटच्या मुलासारखे वाढवणारेही पुष्कळ होते आणि आहेत. पण अट नसलेल्या शर्यतीत सज्जन माणूस मागे पडतो. शेजारचा आर टोचतो आहे आणि जिंकतो आहे, हे पाहून त्याचाही हात शिवशिवतो. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

मुक्या प्राण्यांचे म्हणणे मांडणारी माणसे आपल्या देशात होती. प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल या राज्यसभेच्या सदस्य होत्या. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा व्हावा यासाठी त्यांनी संसदेत विधेयक मांडले. त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १९६० साली ‘प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा’ झाला. या कायद्यानुसार काही प्राण्यांना खेळासाठी शिकवण्यास व लोकांपुढे आणण्यास सरकार बंदी घालू शकते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये बैलाचेही नाव घातले. महाराष्ट्रातील शर्यतींवर संकट आले ते तेव्हापासून.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तमिळनाडूतील जल्लीकट्टू, म्हणजे बैलाला मिठी मारून धरण्याचा खेळ, आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यत या दोहोंचा विचार न्यायालयाने एकत्रच केला. ७ मे २०१४ रोजी निकाल लागला. दोन्ही खेळांना मनाई झाली. बैलाच्या शरीराची रचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले. भूक-तहान, भीती, गैरसोय व वेदना यांपासून प्राण्याला मुक्ती हवी आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक हवी, ही तत्त्वे त्या निकालात आहेत. मामूंचा प्रश्न आता न्यायासनावरून विचारला गेला होता.

गावोगावचे घाट ओस पडले. शेतकऱ्यांनी मोर्चे काढले. त्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते. शेतीत बैलाचे काम उरले नाही, आता शर्यतही गेली, तर खिलार पाळणार कोण? न पाळला तर तो शेवटी कोठे जाईल? शर्यतीच्या दिवशी बैल एक-दोन वेळा पळतो. वर्षभर मात्र आम्ही त्याला जिवापाड जपतो. उलट प्राणिमित्र म्हणत, की प्रेम असेल तर शर्यतीवाचूनही पाळा. प्रेमाला बक्षीस कशाला हवे? दोन्ही बाजूंना उत्तर देणे सोपे नव्हते.

२०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने राज्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली. शर्यतीला परवानगी, पण अटींवर. या दुरुस्तीलाही न्यायालयात आव्हान मिळाले आणि शर्यती थांबलेल्याच राहिल्या. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अटींचे पालन करून शर्यती घेण्यास मुभा दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. मात्र कायद्यातील नियमांचे काटेकोर पालन झाले पाहिजे, हेही बजावले.

आता त्या अटी पाहू. शर्यतीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. पशुवैद्याने बैल तपासलेला हवा. धावण्याचे अंतर एक हजार मीटरांपेक्षा जास्त नसावे. काठी, चाबूक, आर किंवा विजेचा झटका देणारे साधन वापरू नये. नशा आणणारे पदार्थ देऊ नयेत. नियम मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंदीपूर्वीची शर्यत आणि आजची शर्यत यांत फरक आहे तो या अटींचा.

शर्यतीला अटी घालण्याची ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील डेटोना या समुद्रकाठच्या गावाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे घरची बैलगाडी शर्यतीत उतरली, तशी तिकडे घरची मोटार उतरली. दुकानात कोणालाही मिळते तशीच गाडी घेऊन धावायचे, या शर्यतीला तिकडे ‘स्टॉक कार’ शर्यत म्हणतात. डेटोना येथे १९३६ साली अशी शर्यत झाली. धावण्याची वाट अर्धी समुद्राच्या वाळूवर आणि अर्धी रस्त्यावर होती. त्या शर्यतीत बिल फ्रान्स नावाचा एक मोटार दुरुस्त करणारा कारागीरही धावला. पुढे त्याच्या लक्षात आले, की प्रत्येक गावाचे नियम वेगळे असतील तर हा खेळ टिकणार नाही. त्याने पुढाकार घेतला आणि १९४८ साली सर्वांसाठी एकच नियम करणारी ‘नॅस्कार’ ही संस्था स्थापन झाली.

१९४९ साली या संस्थेने केवळ दुकानातल्यासारख्याच गाड्यांची पहिली शर्यत शार्लट या गावी घेतली. जो पहिला आला त्याची गाडी शर्यतीनंतर तपासली गेली. तिच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या होत्या. चोरटी दारू वाहून नेताना गाडी भरधाव पळावी म्हणून त्या काळी असे बदल करत. पहिला क्रमांक काढून घेण्यात आला. गाडीचा मालक न्यायालयात गेला, पण त्याचा दावा फेटाळला गेला. अट मोडून मिळवलेला विजय हा विजयच नव्हे, हे पहिल्याच शर्यतीत ठरून गेले.

पुढे डेटोना येथे अडीच मैलांचा गोल मार्ग बांधला गेला आणि २२ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथे पाचशे मैलांची, म्हणजे सुमारे आठशे किलोमीटरची, पहिली शर्यत झाली. शेवटी गाड्या इतक्या लगटून आल्या, की आधी एकाला विजयी म्हटले गेले. तीन दिवस छायाचित्रे तपासल्यावर ली पेटी हा खरा विजेता ठरला. ही शर्यत आजही दरवर्षी होते. वेग वाढला तसे अपघात वाढले. म्हणून १९८८ पासून या मार्गावर गाडीच्या इंजिनात जाणाऱ्या हवेवर मर्यादा घालून वेग मुद्दाम कमी करण्यात आला. तरीही १८ फेब्रुवारी २००१ रोजी, शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट हा नामवंत चालक भिंतीवर आदळून मरण पावला. त्याच वर्षी डोके व मान सावरून धरणारा पट्टा सर्व चालकांना सक्तीचा झाला.

मित्रांनो, डेटोना आणि आपला शंकरपट यांत साम्य आहे, पण एक मोठा फरकही आहे. अर्नहार्ट आपल्या मर्जीने गाडीत बसला होता. धोका किती आहे, हे त्याला माहीत होते. नको वाटले असते तर तो घरी राहू शकला असता. बैलाला यांपैकी काहीच करता येत नाही. शर्त ही नेहमी दोघांत ठरते. दोघांनी होकार दिला तरच ती शर्त. बैलाचा होकार कोणी घेतलेला नसतो. म्हणून त्याच्या वतीने अटी ठरवाव्या लागतात आणि त्या पाळण्याचे ओझे माणसावर येते. कायद्याने केले आहे ते एवढेच.

पण कायदा प्रत्येक माळावर उभा राहू शकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी कागदावर असते. आर धोतराच्या ओच्यात लपवता येते. शर्यत पाहायला हजारो डोळे असतात. ते सगळे धुळीच्या पुढे कोण आहे हेच पाहत असतील, तर अटी कागदावरच राहतील.

चाकूरवरून जाणारा लातूर-नांदेड रस्ता पुढे लोहा तालुक्यातील माळेगावकडे जातो. मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथे खंडोबाची यात्रा आणि जनावरांचा मोठा बाजार भरतो. तुमच्यापैकी काही जण तेथे गेलेही असतील. बाजारातला जाणकार शेतकरी बैल विकत घेताना काय करतो, ते पाहा. तो आधी बैलाच्या पाठीवरून, पुठ्ठ्यावरून सावकाश हात फिरवतो. मालक काय सांगतो यापेक्षा कातडे काय सांगते, यावर त्याचा भरवसा असतो.

तुम्ही कधी शर्यत पाहायला गेलात, तर पहिला नंबर कोणाचा आला हे अवश्य विचारा. मग थोडे जवळ जाऊन जिंकलेल्या बैलाच्या पुठ्ठ्याकडे पाहा. तेथे काही नसेल, तर मनापासून टाळ्या वाजवा.

शब्दार्थ

पैज – शर्त, बाजी
अट – शर्त
कासरा – बैलाला बांधलेला लांब दोर
पराणी – बैल हाकण्याची काठी
आर – पराणीच्या टोकाचा अणकुचीदार खिळा
पुठ्ठा – जनावराच्या शरीराचा मागचा मांसल भाग
जू – गाडी ओढण्यासाठी बैलांच्या मानेवर ठेवतात ते लाकूड
सुगी – पीक हाती येण्याचा काळ
छकडा – हलकी, लहान बैलगाडी
ईर्ष्या – चढाओढ, दुसऱ्यावर मात करण्याची तीव्र इच्छा
मुभा – परवानगी, इजाजत
वैध – कायद्याला धरून असलेले

वाक्प्रचार

हात शिवशिवणे – एखादी गोष्ट करण्याची अनावर इच्छा होणे
जिवापाड जपणे – स्वतःच्या जिवाइतकी काळजी घेणे
ओस पडणे – निर्जन होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘शर्यत’ हा शब्द मूळ कोणत्या भाषेतील आहे?
(आ) मामूंच्या बैलाचे नाव काय होते?
(इ) विदर्भात व मराठवाड्यात बैलगाडीच्या शर्यतीला काय म्हणतात?
(ई) प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा कोणत्या साली झाला?

२. कारणे लिहा.
(अ) लेखकाला सरज्याच्या पोटाखालून जाण्याची पुन्हा हिंमत झाली नाही.
(आ) १९४९ सालच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या चालकाचा क्रमांक काढून घेण्यात आला.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील शर्यतींच्या रीती सांगा.
(आ) बंदीच्या वेळी शेतकऱ्यांचे म्हणणे काय होते? प्राणिमित्रांचे म्हणणे काय होते? तुम्हांला कोणाचे पटते व का?
(इ) “त्याला विचारलं होतंस का?” या मामूंच्या प्रश्नाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

४. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द या पाठातून शोधा. कोणत्या शब्दाचा अर्थ मराठीत थोडा बदलला आहे, ते वर्गात सांगा.

५. उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या वयस्क शेतकऱ्याला भेटा. पूर्वी त्यांच्याकडे कोणत्या जातीचे बैल होते व त्यांची निगा ते कशी राखत, ते विचारून दहा ओळी मराठीत लिहा.